प्रलय आणि शेजारी

प्रलयाची गोष्ट ऐकताना आपले पूर्वज मुळीच चिकित्सक नव्हते. मनूच्या ओंजळीतला मासा वाढत वाढत समुद्रात मावेनासा झाला, असे कीर्तनकाराने सांगितले, तर त्या माशाने खाल्ले काय, असे कोणी विचारीत नसे. आता जगबुडीचे चित्रपट पाहून आलेली माझ्या वर्गातली मुले पहिला प्रश्न हाच विचारतात, आणि मला ते आवडते.

त्यांचे हिशेब चोख असतात. ‘वॉटरवर्ल्ड’मध्ये (१९९५) बर्फ वितळून सारी पृथ्वी जलमय झाली आहे. पण जगातले सगळे बर्फ वितळले, तरी समुद्र चढेल तो ६५ ते ७० मीटर. आमचे जुहू तळाशी जाईल, हे खरे. पण १६४६ मीटर उंचीच्या कळसूबाईच्या पायथ्यालाही पाणी लागायचे नाही. ‘मेट्रिक्स’मधली (१९९९) यंत्रे माणसांच्या देहातून वीज काढतात. स्वस्थ पडलेल्या माणसाची ऊब शंभर वॅटच्या दिव्याएवढी, आणि ती टिकवण्यासाठी त्याला निदान तेवढ्याच शक्तीचे अन्न घालावे लागते. मग यंत्रांनी ते अन्नच का जाळू नये? २०२४ साली ‘कल्की २८९८ ए.डी.’ आला. जुहूचेच रहिवासी अमिताभ बच्चन त्यात अश्वत्थामा झाले आहेत. हजारो वर्षे जगलेला अश्वत्थामा मला खटकला नाही. गंगा आटल्यावर काशीतली एवढी गर्दी रोज पाणी कोठून पिते, हे खटकले. कथालेखकाने एक अशक्य गोष्ट उसनी मागावी, वाचक ती आनंदाने देतो. पण पुढचा व्यवहार रोखीचा हवा. कादंबऱ्या लिहिताना माझी हीच त्रेधा उडते.

तरीही ही सारी भोके मला क्षम्य वाटतात. बर्फाचा हिशेब चुकला, म्हणून कोणाचे वाईट होत नाही. मुले ज्याकडे बोट दाखवीत नाहीत, ते भोक वेगळेच आहे. यांतल्या बहुतेक चित्रपटांत राज्य बुडाले, दिवे गेले, की दुसऱ्याच दिवशी शेजारी शेजाऱ्याच्या नरडीला हात घालतो. शास्त्राच्या चुकीला हसणारा प्रेक्षकही येथे ‘माणूस असाच’ म्हणून मान डोलावतो. अहो, हा आपल्या शेजाऱ्यावर केलेला आरोप आहे. त्याला पुरावा नको?

२६ जुलै २००५ रोजी जुहूशेजारच्या सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच मुंबईत कुलाब्याला त्याचा दहावा हिस्साही नव्हता. पटकथेत कोणी असे लिहिले असते, तर मुलांनी ते भोक म्हणूनच दाखवले असते. वीज गेली, टेलिफोन मुके झाले, गाड्या जागच्या जागी बुडाल्या, शेकडो माणसे दगावली. आणि त्या काळोखात लोकांनी काय केले? रस्त्यावर दोर बांधून अनोळखी माणसांना पलीकडे नेले. दारे उघडली, चहा दिला, बिस्किटे दिली, खिचडी शिजवली. नाव-गाव विचारायला कोणाला सवड नव्हती.

यावर कोणी म्हणेल, पाणी ओसरणार हे ठाऊक होते. एका रात्रीपुरता सज्जनपणा सोपा असतो. आक्षेप खरा आहे, आणि मी तो झटकून टाकणार नाही. म्हणून लांबलेल्या संकटाकडे पाहू. १८९६ साली मुंबईत प्लेग आला, तो वर्षानुवर्षे हलला नाही. लाखो लोक शहर सोडून पळाले. दुखणेकऱ्याला घरात लपवणारे होते, टाकून जाणारेही होते. तेव्हा चित्रपटवाले अगदीच खोटे बोलतात असे नाही. पण तोच प्लेग पुण्याला पोचला, तेव्हा साठी उलटलेल्या सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत होत्या. आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यात त्यांनाच लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या.

असे पात्र एखाद्या प्रलयपटात घालून पाहा. बर्फाचा चुकलेला हिशेब निमूट गिळणारा निर्मातासुद्धा म्हणेल, “छे, हे काही पटत नाही!”