निनावी हाक

मानेसरजवळ राष्ट्रीय महामार्ग ४८ वर अपघात झाला आणि कुणी ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन लावला, तर तो उचलला जातो दूर पंचकुल्यात. हरियाणाने १२ जुलै २०२१ रोजी ही सेवा सुरू केली.

अशी निनावी हाक नवी नाही. भागवताच्या आठव्या स्कंधातला हत्तींचा राजा गजेंद्र मगरीच्या तोंडी सापडतो, तेव्हा त्याचा धावा कुणा एका नावाच्या देवाला नसतो. म्हणून ब्रह्मदेवादी मंडळी जागची हलत नाहीत (आपापले खाते सांभाळणारी ही वृत्ती पुराणातही होतीच), आणि सर्वांचा आत्मा असलेला हरी धावून येतो. हाक नेमकी कुणाला नसेल, तर ऐकण्याचे कर्तव्य कुणाचे?

लंडनला हा प्रश्न १९३५ साली पडला. विंपोल स्ट्रीटच्या आगीत पाच स्त्रिया गेल्या. शेजाऱ्याचा फोन एक्स्चेंजच्या रांगेत अडकला होता. ३० जून १९३७ रोजी ९९९ हा आपत्कालीन क्रमांक आला. आपल्याकडे मात्र पोलिसांना १००, अग्निशमन दलाला १०१ असे वेगवेगळे क्रमांक होते. संकटात सापडलेल्यानेच आधी दैवत निवडायचे! दूरसंचार नियामक ‘ट्राय’ने २०१५ मध्ये ११२ या एकाच क्रमांकाची शिफारस केली. २०१८ च्या नोव्हेंबरात हिमाचल प्रदेशाने सुरुवात केली.

पण फोन लावून गाडी पुढे दामटणाऱ्याचा धर्म तेवढ्यावर फिटतो का? फिटत नाही, असे वाटते. थांबलेल्या माणसाचा हात यंत्रणेला नाही. मोटार वाहन कायद्यातले २०१९ चे कलम १३४-अ थांबण्याची सक्ती करत नाही. थांबणाऱ्याला ते खटल्यापासून संरक्षण देते, आणि त्याने नाव सांगितलेच पाहिजे असेही नाही.