आगटीजवळची शाळा

जालना जिल्ह्यात बदनापूरच्या पुढे एक गाव आहे. त्या गावातला एक मुलगा छत्रपती संभाजीनगरला विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकत होता. त्याच्या वर्गात सुदानातून आलेला एक विद्यार्थी होता. उंच, हडकुळा, कमी बोलणारा. कोर्डोफान भागातल्या अल-उबैद शहराजवळ त्याचं खेडं. 2023 च्या एप्रिलमध्ये त्याच्या देशात लढाई पेटली आणि त्याचं घरी जाणं राहून गेलं. घरचा फोन कधी लागायचा, कधी आठ-आठ दिवस लागत नसे.

लोक त्याच्याशी चांगले वागत. चौकशी करत. कुठल्या देशाचा? लढाई थांबली का? व्हिसा कधीपर्यंत आहे? खानावळवाल्यापासून प्राध्यापकांपर्यंत सगळ्यांचे प्रश्न तेच. त्याची उत्तरंही मग पाठ होऊन गेली.

संक्रांत जवळ आली. ज्वारी हुरड्याला आली. मित्र म्हणाला, "चल आमच्या गावाला." दोघं रेल्वेनं बदनापूरला उतरले आणि तिथून शेतात गेले.

मित्राच्या वडिलांनी जमिनीत खड्डा करून गोवऱ्या पेटवल्या. चांगला आर झाला तशी त्यात कणसं खुपसली. आजी शेजारीच बसली होती. भाजलेलं कणीस तिनं हातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला आणि हिरवे, गरम दाणे पाहुण्याच्या ओंजळीत घातले. लसणाची चटणी होती, गूळ होता, बोरं होती. मित्रानं कौतुकानं सांगितलं, "आजी, ही ज्वारी याच्याच मुलखातली बरं का. तिकडं कसला नावाच्या गावाजवळ पाच हजार वर्षांपूर्वीची खापरं सापडलीत, त्यांच्यावर ज्वारीच्या कोंड्याचे ठसे आहेत."

"मंग त्याला त्याच्याच घरचं खाऊ घालतोय की आपण," आजी म्हणाली आणि तिनं दुसरं कणीस उचललं.

अंधार पडू लागला. पोरं गलका करत होती. पाहुणा मात्र खाता खाता थांबला आणि आगटीकडे बघत राहिला. आजीच्या ते ध्यानात आलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लेकरा, तुही शाळा कशी व्हती रं?"

मित्रानं ते हिंदीत सांगितलं. पाहुण्यानं आजीकडे पाहिलं. या प्रश्नाचं उत्तर त्यानं पाठ केलेलं नव्हतं.

तो मोडक्यातोडक्या हिंदीत बोलू लागला. त्यांच्याकडे सरकारी शाळेआधी मुलं खलव्यात जात. खलवा म्हणजे कुराण शिकायची जागा. शिकवणाऱ्याला फकी म्हणत. मुलं दिवसा सरपण गोळा करत आणि रात्री त्याचा मोठा जाळ होई. त्या उजेडात सगळी गोल बसून मोठमोठ्यानं पाठ म्हणत, प्रत्येकाचा पाठ वेगळा. त्या गोंगाटात कोण चुकतोय ते फकीला बरोबर कळायचं. वही नव्हती. लाकडाची एक फळी असे, तिच्यावर बोरूनं लिहायचं. शाई घरीच करायची, काजळीत डिंक कालवून.

"डिंक कोनचा?" आजीनं मध्येच विचारलं.

बाभळीच्या जातीच्या झाडाचा, त्यानं सांगितलं. त्यांच्या भागातला डिंक जगभर जातो. लहानपणी तो खिशात डिंक भरून आणायचा आणि निम्मा वाटेतच खाऊन टाकायचा. हे सांगताना तो हसला. त्याला हसताना मित्रानं फार दिवसांनी पाहिलं.

पाठ तोंडी झाला की फळी धुवायची, उन्हात वाळवायची, मग पुढचा पाठ. पण धुतलेलं पाणी कुठंही टाकून चालत नसे. त्यात अक्षरं उतरलेली असत. कुणाला बरं नसलं तर त्याची आई तेच पाणी प्यायला न्यायची.

आजीनं मान हलवली. "अक्षराला पाय लागू द्यायचा नाही," ती म्हणाली. "आमच्यात पाटीला पाय लागला तर पाया पडतेत."

आणि मग आजी स्वतःचं सांगू लागली. तिच्या लहानपणी इकडे निजामाचं राज्य होतं. भाऊ शाळेत जायचा. तिला धाकट्याला सांभाळायला घरी ठेवलं होतं. दसऱ्याला भावाच्या पाटीवर सरस्वती काढत, तेव्हा फुलं वाहायचं काम तिचं. झेंडूची फुलं ती अशी ठेवायची की रेघ पुसली जाऊ नये. त्या पाटीवर तिनं कधी लिहिलं मात्र नाही. मित्र हे पहिल्यांदाच ऐकत होता. इतकी वर्षं आजीच्या मांडीवर वाढला, पण शाळेबद्दल तिला विचारावं असं त्याच्या कधी मनात आलं नव्हतं. शाळेत गेली नाही म्हटल्यावर विचारायचं काय, असं घरात सगळ्यांनीच धरलेलं.

पाहुण्यानं बाभळीचा डिंक मागितला. बांधावर बाभळी होत्याच. पोरं मोबाइलच्या उजेडात डिंक काढून घेऊन आली. तव्याखालची काजळी खरवडली, वाटीत पाण्यात डिंक भिजवला, घोटला. ज्वारीच्या ताटाचं पेर तासून बोरू केला. फळी म्हणून पेटीचं झाकण मिळालं. पाहुण्यानं त्याच्यावर उजवीकडून डावीकडे आपल्या आईचं नाव लिहिलं. मग बोरू आजीच्या हातात दिला, तिचं बोट धरलं आणि नातवाला म्हणाला, "यांचं अक्षर मला येत नाही. तू दाखव." नातवानं मातीत आजीच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं. आजीनं ते बघून फळीवर उतरवलं. काना जरा तिरका आला.

पाहुणा ज्या शहरात शिकत होता, ते खडकी या नावानं 1610 मध्ये मलिक अंबरनं वसवलं. तोही आफ्रिकेतलाच, हबसाणातला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेला आणि बगदादमार्गे दख्खनेत आला. त्याचं पहिलं नाव चापू होतं असं सांगतात. त्याच्या नहरी, त्याचा सारा, त्याचा गनिमी कावा, यांवर पुष्कळ लिहिलं गेलं. त्याच्या लहानपणाबद्दल मात्र चार ओळीही धड मिळत नाहीत. एवढ्या मोठ्या दरबारात ते त्याला कुणी विचारलं नसावं. परमुलखात आलेल्या माणसाला त्याचं घर कुणी परत देऊ शकत नाही. पण त्याच्या घरातलं काही ऐकून घ्यायला आगटी लागत नाही की पदवी लागत नाही, आणि ते ऐकायला बसलं की ऐकणाऱ्याच्याच घरातलं काहीतरी बाहेर येतं.

दोघं सोमवारी वसतिगृहात परतले. त्यांच्या शेजारच्या खोलीत किनवटकडचा एक मुलगा राहत होता. वर्षभर त्याच्याशी फक्त पाण्याच्या टाकीवरून आणि खानावळीच्या पैशांवरून बोलणं व्हायचं. संध्याकाळी आजीचा नातू पाहुण्याला घेऊन त्याच्या दारात जाऊन उभा राहिला आणि त्यानं विचारलं, "तुझी शाळा कशी होती रे?" मुलानं आधी, काय काम आहे, असं विचारलं. मग त्यानं खाटेवरची पुस्तकं बाजूला सारून जागा केली. त्या रात्री तिघांनाही खानावळीत पोचायला उशीर झाला.