मिथिलेच्या बाजारातली मुलाखत

प्रश्नावलीत बहुधा दहा प्रश्न असतात. पहिला शिक्षणाचा, दुसरा पहिल्या नोकरीचा, मधले सहा-सात 'कौशल्यं' आणि 'आव्हानं' यांवर, आणि दहावा ठरलेला: आमच्यासारख्या विद्यार्थ्यांना काय सल्ला द्याल? करिअर प्रकल्पासाठी तंत्रज्ञान क्षेत्रातल्या कुणाची तरी मुलाखत घेऊन या, असं कॉलेजनं सांगितलं की पुण्यात काय नि नाशकात काय, हाच कागद थोड्याफार फरकानं तयार होतो. मग माणूस शोधायचा. लिंक्डइनवर 'रिस्पेक्टेड सर'नं सुरू होणारा एकच मजकूर तीस जणांना धाडला जातो. एखाद्या बाईंना गेलेल्या मजकुरातही 'सर' तसंच राहिलेलं असतं. उत्तरं येत नाहीत. अखेर प्रकल्प जमा करायच्या आदल्या रात्री आतेभावाच्या रूममेटला गाठून दहा उत्तरं व्हॉट्सॲपवर मागवली जातात, स्पायरल बाइंडिंग होतं, गुण मिळतात आणि विषय संपतो.

त्या कागदाखाली एक जुना, चिवट प्रश्न मात्र तसाच दबलेला राहतो. दुसऱ्याचं काम समजून घेतल्यानं आपल्याला आपलं काम सापडतं का? आणि सापडत असेल, तर कुणाला काय विचारून?

या प्रकारच्या मुलाखतीची आजची पद्धत लोकप्रिय केली ती एका धर्मोपदेशकानं. रिचर्ड बोल्स हे अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चचे. १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या ग्रेस कॅथिड्रलमधली त्यांची नोकरी खर्चकपातीत गेली. पुढे कॉलेजांच्या आवारात काम करणाऱ्या धर्मोपदेशकांशी त्यांचा संबंध आला, तर त्यांच्याही नोकऱ्या तशाच जात होत्या. त्यांच्यासाठी बोल्सनी १९७० मध्ये 'व्हॉट कलर इज युअर पॅराशूट?' हे पुस्तक स्वतःच्या खर्चानं छापलं. नोकरी मागायला जाण्याआधी त्या कामातल्या माणसाकडे नुसती चौकशी करायला जा, ही त्यातली एक मुख्य सूचना. पुस्तकाच्या पुढे एक कोटीहून अधिक प्रती खपल्या. ज्या परंपरेत माणसाचं काम म्हणजे देवानं मारलेली हाक मानली जाते, त्या परंपरेतल्या माणसानं 'हाक ऐकू येत नसेल तर चार जणांना विचारून या' असं सांगावं, हे वरवर विसंगत दिसतं. पण नोकरी गेलेल्या पाद्र्यांना हाक पुरेशी ऐकू येत होती. भाडं कसं भरायचं, एवढंच कळत नव्हतं.

आपल्याकडे ही शोधाशोध फार आधी लिहून ठेवलेली आहे. छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात जानश्रुती नावाचा दानशूर राजा आहे, ठिकठिकाणी धर्मशाळा बांधणारा. एका रात्री माथ्यावरून उडणाऱ्या हंसांचं बोलणं त्याच्या कानी पडतं: या जानश्रुतीचं काय एवढं, खरा जाणता तो गाडीवाला रैक्व. राजा सेवकाला रैक्वाच्या शोधात पाठवतो. सेवक हात हलवत परत येतो. राजा म्हणतो, अरे, असा माणूस जिथे शोधायचा असतो तिथे शोध. दुसऱ्या फेरीत रैक्व सापडतो तो एका गाडीखाली खरूज खाजवत बसलेला. पुढे राजा सहाशे गाई, हार आणि रथ घेऊन जातो, तर हा पठ्ठ्या ते सगळं परत पाठवतो. (तेवढ्यानं भागत नाही म्हणून नंतर किंमत वाढते, हा भाग प्रवचनांत सहसा घाईनं उरकला जातो.)

सेवक पहिल्यांदा कुठे शोधत असेल, याचा अंदाज बांधायला फार कल्पनाशक्ती लागत नाही. आजचे विद्यार्थीही तिथेच शोधतात: फाउंडर, सीटीओ, टेडएक्सच्या मंचावर उभा राहिलेला कुणी. भारतातल्या आयटी क्षेत्रात ५० लाखांहून अधिक माणसं काम करतात, आणि त्यांतली बहुसंख्य कुठल्याही मंचावर नसतात. कॉलेजच्या लॅबमधले साठ संगणक रोज सकाळी आठला चालू राहतील याची काळजी घेणारा असिस्टंट त्याच इमारतीत बसतो. त्याची मुलाखत घ्यावी, हे कुणाला सुचत नाही.

राजाला रैक्वाचं नाव दरबाऱ्यांकडून कळलं नाही, वरून उडत चाललेल्या हंसांकडून कळलं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ च्या एका गाजलेल्या लेखात याचाच हिशोब मांडला आहे. बॉस्टनजवळच्या न्यूटन या उपनगरात नुकत्याच नोकऱ्या बदललेल्या व्यावसायिक आणि तांत्रिक लोकांना त्यांनी गाठलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी फक्त १६.७ टक्क्यांची ती ओळख नेहमीच्या भेटीतली होती. ५५.६ टक्क्यांची अधूनमधून भेटणारी, तर २७.८ टक्क्यांची क्वचित भेटणारी. कारण साधं आहे. जवळच्या माणसांना बहुतेक तेच ठाऊक असतं जे आपल्याला ठाऊक असतं. तेव्हा जिवलग मित्राला विचारण्यापेक्षा सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या, गणपतीच्या आरतीपुरत्या भेटणाऱ्या काकूंना विचारणं अधिक कामाचं.

माणूस सापडला, असं धरू. आता त्याला विचारायचं काय?

इथे सॉक्रेटिसाची आठवण होते, कारण त्यानं केलं ते जवळजवळ हेच. प्लेटोच्या 'ॲपॉलॉजी'त तो आपली हकिकत सांगतो. कायरेफॉन नावाच्या मित्रानं डेल्फीच्या देवळात कौल लावला, सॉक्रेटिसाहून शहाणा कुणी आहे का? नाही, असं उत्तर आलं. सॉक्रेटिसाला ते पटेना, म्हणून तो राजकारण्यांकडे गेला, मग कवींकडे, आणि शेवटी कारागिरांकडे. कारागिरांच्या विद्येला ग्रीक शब्द 'टेक्ने', ज्यातून पुढे 'टेक्नॉलॉजी' आला. म्हणजे अथेन्समधले ते टेक्नॉलॉजीवालेच. बाकीच्या दोघांपेक्षा या कारागिरांबद्दल सॉक्रेटिस बराच आदरानं बोलतो. त्यांना खरोखरच पुष्कळ काही येत होतं, जे त्याला येत नव्हतं. त्यांचा दोष एकच: आपलं काम उत्तम येतं म्हणून बाकीच्या मोठमोठ्या गोष्टींमधलंही आपल्याला कळतं, असं त्यांना वाटायचं.

सॉक्रेटिसानं हा दोष कारागिरांच्या पदरात टाकला. निम्मा तरी विचारणाऱ्याच्या पदरात टाकायला हवा. आठ वर्षं बँकांच्या पेमेंट प्रणालीवर काम केलेल्या माणसाला 'दहा वर्षांनी एआयमुळे कुठल्या नोकऱ्या उरतील' असं विचारलं, की तो खुर्चीत जरा सरसावून बसतो आणि बोलू लागतो. त्या क्षणी कारागिराचं डेल्फी झालेलं असतं. प्रश्नावलीतला दहावा प्रश्न नेमकं हे करतो. ज्या गोष्टीत समोरच्याचा अधिकार आहे ती सोडून, ज्यात तो आपल्याइतकाच चाचपडतो आहे त्या गोष्टीचा कौल मागतो.

मग अधिकार कशात असतो? मानवशास्त्रज्ञ ज्युलियन ऑर यांनी झेरॉक्स कंपनीच्या दुरुस्ती तंत्रज्ञांबरोबर फिरून अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं 'टॉकिंग अबाउट मशीन्स' हे पुस्तक १९९६ मध्ये आलं. कंपनीनं जाडजूड मॅन्युअल दिलेलं होतं: अमुक खूण दिसली तर तमुक तपासा. प्रत्यक्षात अवघड बिघाड समोर आला की हे लोक एकमेकांना गोष्टी सांगत बसायचे. त्या गिऱ्हाइकाकडे असंच झालं होतं, मग आम्ही अमुक बदलून पाहिलं, तरी जाईना. अशा गप्पांतून बिघाड सापडायचा. त्यांची विद्या त्या गोष्टींत साठलेली होती, आणि 'तुमच्या कामाला कोणती कौशल्यं लागतात' या प्रश्नाला ती बाहेर येणं शक्य नव्हतं.

हिंजवडीच्या टपरीवर, गळ्यात आयडी कार्ड आणि हातात कटिंग घेऊन उभ्या असलेल्या टेस्टिंगवालीला 'आव्हानं' विचारली तर ती 'डेडलाइन' म्हणेल आणि घड्याळाकडे बघेल. 'अलीकडे काय बिघडलं होतं?' असं विचारलं तर चहा निवतो. रात्री दोनला फोन आला, एकाच गिऱ्हाइकाला दोनदा बिल गेलंय. सगळे कोड बघत बसले, कोडमध्ये काहीच नाही. पहाटे कुणाच्या तरी डोक्यात आलं की नवीन सर्व्हर लावला, पण जुन्यावरचा जॉब बंद करायचा राहून गेला असणार. दोघंही इमानदारीत बिलं काढतायत! अशी हकिकत ऐकताना विद्यार्थ्याला त्या कामातली धास्ती कळते, मजा कळते, आणि आपल्याला असं रात्री दोनला उठायला आवडेल का, हेही आतून कळायला लागतं. सल्ला मागावाच लागत नाही.

या सगळ्याचं जुनं आणि नीट घडलेलं उदाहरण महाभारताच्या वनपर्वात आहे. वनवासात, म्हणजे स्वतःच काम सुटलेल्या अवस्थेत बसलेल्या युधिष्ठिराला ते मार्कंडेय ऋषी सांगतात. कौशिक नावाचा वेदाभ्यासी ब्राह्मण. झाडाखाली बसला असता अंगावर बगळीनं घाण टाकली, यानं रागानं वर पाहिलं, बगळी मरून पडली. मग भिक्षेला गेला, तिथल्या बाईनं नवऱ्याचं जेवणखाण आधी पाहिलं आणि याला ताटकळत ठेवलं. हा डोळे वटारू लागला, तर ती म्हणाली, मी काही बगळी नाही. धर्म समजून घ्यायचा असेल तर मिथिलेला जा, तिथे एक व्याध आहे. कौशिक गेला. बघतो तर व्याध दुकानात बसून हरणाचं नि रेड्याचं मांस विकतोय, गिऱ्हाइकांची गर्दी. वेदपाठी माणूस त्या वासात एका कडेला उभा राहिला. व्याधच उठून आला नि म्हणाला, ही जागा तुमच्याजोगी नाही, घरी चला.

घरी व्याधानं जे सांगितलं त्यातलं पुष्कळ त्याच्या रोजच्या व्यवहाराबद्दल आहे. मी स्वतः प्राणी मारत नाही, दुसऱ्यांनी मारलेल्याचं मांस विकतो, स्वतः खात नाही. मग त्यानं आपल्या म्हाताऱ्या आईवडिलांना आणून दाखवलं, माझे देव हे. आपला धंदा आपल्याकडे का आला याचा खुलासा तो पूर्वजन्मीच्या शापानं करतो. हा भाग आजच्या वाचकाच्या गळ्याखाली उतरत नाही, आणि उतरू नये. जन्मानं धंदा ठरत होता तोवर 'मी काय होऊ' हा प्रश्नच कुणाच्या प्रकल्पात येणार नव्हता. तो विचारता येतो हीच आजच्या विद्यार्थ्याची मिळकत आहे.

पण भेट संपल्यावरचं कौशिकाचं वागणं बघण्यासारखं आहे. तो स्वतःच्या आईवडिलांना न विचारता वेद शिकायला घराबाहेर पडलेला होता. ही गोष्ट व्याधानं त्याला दाखवून दिली. व्याधाला प्रदक्षिणा घालून कौशिक घरी परतला आणि म्हाताऱ्यांच्या सेवेला लागला. मांसाचं दुकान त्यानं काढलं नाही.