निव्वळ फरक

लक्ष्मीपूजनाला वही उघडली की व्यापारी पहिली शिल्लक पाहतो, शेवटची पाहतो. वजाबाकी झाली की वर्ष संपले! गणिती तरी निराळे काय करतो? फलनाची शेवटची किंमत वजा पहिली. मुंबई समुद्राकाठी, पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर. निव्वळ चढ जवळजवळ तितकाच. वाटेतले लोणावळे पुण्याहूनही उंच, सुमारे ६२० मीटरांवर आहे, याची त्या उत्तराला दादही नसते. कर्जतला गाडीमागे जादा इंजिने जोडतात, ती मात्र या मधल्या घाटासाठीच. आणि गाडी मुंबईला परतली की फरक शून्य!

समजा, कुणी एका विधवेकडून पाच हजार रुपये उसने घेतले, तिला वर्षभर झुलवले आणि दिवाळीपूर्वी पै न् पै फेडली. वहीत शून्य. तिच्या मुलाचे शाळेचे वर्ष बुडाले, ते कोणत्या रकान्यात मांडायचे? शून्य खोटे नाही, बरे का! विचारलेल्या प्रश्नाचे ते चोख उत्तर आहे. माणसे मात्र ते भलत्याच प्रश्नाला देऊन मोकळी होतात. “फिटले ना सगळे?” हे म्हणावयाचेच झाले तर त्या बाईने म्हणावे, फेडणाऱ्याने कशाला?