पहिलं तेल

नव्या गाडीचं पहिलं तेल कधी बदलायचं, यावर कुरकुंभच्या चौकात एकमत होणं अवघड. शोरूमवाला म्हणतो, पुस्तकात लिहिलंय तेव्हा. मेकॅनिक म्हणतो, पाचशेच्या आत काढून टाका. गाडीचा मालक दोघांनाही हो म्हणतो आणि रविवारी घरामागं सतरा नंबरचा पाना शोधत बसतो.

पुस्तक खोटं नसतं. शंभर सीसीच्या रोजच्या बाइकची पहिली मोफत सर्व्हिस साधारण 500 ते 750 किलोमीटरला येते आणि तेव्हा तेल बदलतात. ट्रॅक्टरची येते 50 तासांना. मोटारीची हजाराला नुसती तपासणी होते, तेल बहुधा दहा हजारांना. नांगरटीला लागलेल्या ट्रॅक्टरचे 50 तास आठवड्यात भरतात. मोटारीच्या दहा हजारांना एक लग्नसराई पुरत नाही.

सिलिंडर आतून अगदी गुळगुळीत नसतो, आणि नसावाच. त्याच्या भिंतीवर कारखान्यात मुद्दाम तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेघा ओढलेल्या असतात. त्या रेघांत तेल टिकतं, आणि त्यांच्या उंचवट्यांवर घासून घासून पिस्टनच्या रिंगा आपली जागा करून घेतात. सगळ्यात जास्त झीज याच सुरुवातीच्या काळात होते, पुढं ती मंदावते. झिजलेलं सगळं तेलात उतरतं.

इंजिन रुळतं ते झिजूनच.

इथले शेतकरी गोऱ्ह्याचं उदाहरण देतात. नव्या गोऱ्ह्याला पहिल्याच दिवशी कोणी नांगराला धरत नाही. खरं आहे, पण त्याला दावणीला बांधून ठेवलं तरी तो शिकत नाही. फार जपून, एकाच संथ वेगानं चालवलेल्या इंजिनच्या रिंगांवर हवा तेवढा दाब येत नाही. सिलिंडरच्या भिंतीवर चकाकी चढते, आणि पुढं ते इंजिन तेल खात राहतं. पहिल्याच आठवड्यात महामार्गावर मूठ पिळणारा इंजिनचं नुकसान करतो हे सगळ्यांना दिसतं. चाळिशीच्या पुढं काटाच न नेणारा काय करतो, ते कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून नव्या गाडीला पुणे-सोलापूर महामार्गापेक्षा कुरकुंभहून दौंडला जाणारा रस्ता मानवतो. गतिरोधक आला, उसाची ट्रॉली आडवी आली, की गिअर वर-खाली होत राहतो. (आपल्याकडच्या रस्त्यांचं कौतुक करायची संधी क्वचित येते, ती सोडवत नाही.)

नवी गाडी आधी फिरंगाई देवीला नेतात. हार घालतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. देवीच्या हवाली करून झाल्यावरही माणूस तेलाच्या चेंबरचा नट उघडतो, त्यात अश्रद्धा नसते. विश्वास ठेवावा, आणि बघूनही घ्यावं.

कुरकुंभला तर बघण्याची सवय नोकरीतूनच लागते. औद्योगिक वसाहतीत कारखाने बहुतेक रसायनांचे. रिअ‍ॅक्टरपाशी पाळी करणारा ऑपरेटर तापमानाचा काटा बघतो, पण नुसत्या काट्यावर पुढं जात नाही. ठरल्या वेळी सॅम्पल काढतो, लॅबला पाठवतो, आणि लॅबनं हो म्हटल्यावरच पुढची पायरी घेतो. नव्या गिअरबॉक्सचं पहिलं तेल लवकर काढायचं आणि नंतरची मुदत लांबवायची, हे मेन्टेनन्सवाल्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. पाळी संपली की तोच माणूस नव्या बाइकवरून घरी निघतो. किलोमीटरचा आकडा पुढं सरकत असतो, आणि आत काय चाललंय ते सांगणारी लॅब इथं नसते. मग सॅम्पल काढावंसं वाटणारच.

आधीच्या पिढीला हा घोर नव्हता. टू-स्ट्रोक स्कूटरचं इंजिन ऑइल पेट्रोलमध्येच मिसळायचं, पेट्रोलबरोबर जळायचं आणि निळसर धूर होऊन जायचं. पुरावा मागं राहतच नसे. 1985 मध्ये हिरो होंडाची फोर-स्ट्रोक सीडी 100 आली. टाकी भरा, झाकण लावा आणि विसरून जा, असं तिची जाहिरात सांगायची. पेट्रोलपुरतं ते खरं होतं. पण तळाशी लिटरभर तेल होतं, आणि ते विसरलेल्यांची इंजिनं गॅरेजांनी उघडली.

पहिलं तेल काढायचं काम तसं फार नाही. गाडी थोडी फिरवून आणायची, म्हणजे तेल पातळ होतं आणि तळाला बसलेलं वर येऊन त्याच्याबरोबर निघतं. मेन स्टँडवर सपाट जागी उभी करायची, खाली पसरट घमेलं ठेवायचं. नट पान्यानं सैल करून शेवटचे आटे बोटांनी फिरवायचे. आधी जाड धार पडते, मग बारीक, मग थेंब. तेल अजून नीट काळं झालेलं नसतं. घमेलं उन्हात तिरपं केलं की पृष्ठभागावर चंदेरी चकाकी हलते. चिमटीत घेऊन चोळली तर बोटाला काही लागत नाही, इतकी ती बारीक. एवढी चकाकी असायचीच. नखाला कण लागला, तर मात्र गाडी शोरूमला न्यावी. बाइकमध्ये इंजिन, क्लच आणि गिअर एकाच तेलात बुडालेले असतात, तेव्हा ही चकाकी तिघांची मिळून. त्यातून शंभर सीसीच्या कित्येक गाड्यांत कागदी फिल्टर नसतो. एक जाळी असते आणि एक फिरती वाटी, जी गाळ कडेला फेकते. अशा गाडीचं पहिलं तेल वेळेत काढणं यात लाड काहीच नाही.

नट परत लावताना हात आवरावा. चेंबर अ‍ॅल्युमिनियमचं, नट लोखंडी. जास्त ताकद लावली तर आटे जातात, आणि ते जातात मऊ बाजूचे. वॉशर नवा घालावा. तेलाची काडी आटे न फिरवता नुसती टेकवून बघायची, असं बहुतेक अशा बाइकच्या पुस्तकात लिहिलेलं असतं. ते न वाचता पातळी ठरवणारे पुष्कळ. आणि गाडीवरच्या प्रेमापोटी मोटारीचं महागडं तेल बाइकला पाजू नये. त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या द्रव्यांनी क्लच सरकू लागतो.

मोटारीचं गणित वेगळं. शिरूर तालुक्यात रांजणगावला 2017 पासून जीप कंपास बनते. तिच्यासारख्या आजच्या मोटारीच्या इंजिनचं मशिनिंग मायक्रॉनच्या हिशोबात होतं, आणि तेल गाळणीतून गेल्यावरच बेअरिंगांपर्यंत पोचतं. अशा मोटारीचं हजार किलोमीटरला तेल काढणं हा मालकाच्या मनाचा इलाज. करू नये असं नाही, फक्त त्याचं बिल इंजिनच्या नावावर फाडू नये. पहिलं तेल मुदतीआधी काढू नका, असंही काही कंपन्या सांगतात.

वॉरंटीची धास्ती मात्र साऱ्यांनाच असते. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड लावला. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजांना मिळू न देणं, बाहेर हात लावला की वॉरंटी नाकारणं, हे त्या प्रकरणाच्या मुळाशी होतं. पुढं ते वरच्या न्यायालयांत गेलं. विकत घेतलेली वस्तू उघडून बघायला विकणाऱ्याची परवानगी लागावी, हे या काळातलं एक नवल. हे नवल सरेपर्यंत शहाण्यानं घरी जरूर उघडावं, पण तेलाची पावती जपावी, योग्य ग्रेडचंच तेल घालावं आणि मोफत सर्व्हिसचं कुपन वाया घालवू नये.

आता घमेल्यात उरलेलं.

कारखान्यांचं पाणी ओढ्यात आणि विहिरीत उतरतं, ही कुरकुंभ परिसरातल्या वस्त्यांची जुनी तक्रार. ती करताना आवाज चढतो, आणि तो चढायलाच हवा. त्याच वस्त्यांत गोठ्यामागं, कुंपणाच्या खांबांच्या बुडाशी जळकं तेल ओतलेलं दिसतं. वाळवी लागत नाही म्हणतात, गवतही उगवत नाही. कारखान्याचं ते प्रदूषण, आपलं ते औषध. 2016 च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. 1 एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर ठरलेल्या प्रमाणात त्याच्या पुनर्वापराची जबाबदारीही आली आहे. पण घरामागच्या लिटरभरासाठी दारात कोणी येत नाही. ते ज्यानं काढलं त्यानंच न्यायचं.

न्यायचं म्हणजे गॅरेजला. तिथं कोपऱ्यात ड्रम असतो, त्यात एवढंसं कुणालाही जड होत नाही. गॅरेजवाला पैसे मागत नाही आणि देतही नाही. ओतण्याआधी मात्र तो कॅन उजेडात धरतो. रोज डांबरासारखं काळं तेल बघणारा माणूस, हे सोनेरी पाहून त्याला राहवत नाही. "दादा, हे कशाला काढलं? अजून चाललं असतं की." आणि विचारतो, नट किती आवळला?