ब्रह्मगिरीची चढण



पौष वद्य एकादशीला श्रीनिवृत्तिनाथांच्या यात्रेसाठी दिंड्या त्र्यंबकेश्वरी येतात. कुशावर्ताचे स्नान होते, समाधीचे दर्शन होते, आणि मग पुष्कळांची दृष्टी वर जाते. “माउली, येता का ब्रह्मगिरीवर?” ज्यांचे गुडघे धड आहेत ते निघतात. बाकीचे पायथ्याशी बसतात, आणि त्यांच्या तोंडावर अशी उदासी दिसते, की जणू देवाने यांनाच दारातून परतवले. त्या उदासीविषयी आज थोडे बोलावयाचे आहे.

आधी डोंगर पाहू. समुद्रसपाटीपासून याची उंची सुमारे १२९५ मीटर. गावातून मोजाल तर चढ १८०० फुटांच्या आसपास. म्हणजे वाट लांब नाही, पण उभी आहे. कड्यापाशी गेले की पायऱ्या कातळातच खोदलेल्या. माणूस वाकून चढतो. माकडे हातातला प्रसाद ओढून नेतात. दम इतका लागतो की अभंग म्हणता म्हणता चरण तुटतो, आणि तोंडात नाम तेवढे उरते. (हाही लाभच म्हणायचा!)

आणि मग चढण एकाएकी संपते. मनात असते की वर टोक असेल, तिथे उभे राहून आपण म्हणू, झाले! पण थोडे उंचवटे सोडले तर माथा सपाट. गवत, वारा आणि मोकळे आकाश. भूगर्भशास्त्री सांगतात की सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तप्त शिलारस थरावर थर पसरत गेला आणि त्यातून सह्याद्रीचे असे सपाट माथे व उभे कडे झाले. या दगडाला ते ‘ट्रॅप’ म्हणतात, आणि तो शब्द मुळात स्वीडिश भाषेतला, पायऱ्यांवरून आलेला. अहो, माणसाने पायऱ्या खोदण्याआधीच डोंगर पायऱ्यांचा होता!

आता थोडे व्याकरण; कंटाळू नका. डोंगरमाथ्याच्या सपाट भूमीला संस्कृतात ‘अधित्यका’ म्हणतात, आणि पायथ्यालगतच्या भूमीला ‘उपत्यका’. पाणिनींनी या दोन्ही शब्दांसाठी एकच सूत्र केले. ‘अधि’ आणि ‘उप’ यांना प्रत्यय एकच, त्यकन्. एक जागा चढलेली, एक जवळची. भेद काय तो उपसर्गाचा. पाठशाळेत हे सूत्र घोकले तेव्हा त्यात काही रस वाटला नव्हता. त्र्यंबकी पायथ्याशी बसलेली माणसे पाहिली तेव्हा ते आठवले. खाली बसला आहे तो डोंगराबाहेर नाही. तो डोंगराच्या ‘उप’ आहे, जवळ आहे. आणि ‘उपासना’ शब्दात दुसरे काय आहे? जवळ बसणेच ना?

इथे कोणी पूर्वपक्ष करील, “बुवा, मग चढूच नये की काय?” चढावे. देहाला शक्ती दिली आहे तोवर अवश्य चढावे. पण वर काय घडते ते पाहून यावे. गौतमऋषींच्या तपाने गंगा आली ती याच माथ्यावर, ही कथा आपण सर्व जाणतो. ती तिथे राहिली का? माथ्यावर दिसते, लुप्त होते. खाली गंगाद्वारी प्रकटते, पुन्हा लुप्त होते. मग कुशावर्तात सापडते. सपाट माथ्यावरचा पाऊस सगळाच कड्यावरून वाहून जात नाही, काही खडकाच्या फटींत मुरतो आणि खाली झरा होऊन निघतो. तीच गोदावरी पुढे पैठण, नांदेड करीत १४६५ किलोमीटर चालून पूर्वसमुद्राला मिळते. पैठणला जो ओंजळ भरतो त्याला कोणी विचारीत नाही, तू ब्रह्मगिरी चढलास का?

निवृत्तिनाथांचे तरी काय झाले? परंपरा सांगते, विठ्ठलपंत कुटुंबासह या गिरीची प्रदक्षिणा करीत असता वाघ आला, पांगापांग झाली, आणि निवृत्ती वाट चुकून गहिनीनाथांच्या गुहेत शिरले. माथा गाठायला ते निघालेच नव्हते. भ्यालेले पोर होते. कृपा भेटली ती डोंगराच्या अंगाखांद्यावर, चुकलेल्या वाटेवर. आणि मिळालेले त्यांनी धाकट्या भावाच्या ओंजळीत घातले. त्यातून ज्ञानेश्वरी आली. गंगेची चाल तीच, गुरुकृपेचीही तीच.

एका वर्षी आमच्या दिंडीतली एक आजी खाली बसली होती. सगळ्यांची गाठोडी, वहाणा, एक वीणासुद्धा तिच्यापाशी. जो उतरून येईल त्याच्यापुढे ती पाण्याचा तांब्या करी. एक तरुण म्हणाला, “आजी, तुमचं दर्शन राहिलंच की!” ती म्हणाली, “बस रं लेकरा आधी. पाय बघ कसं कापत्यात तुझं.” आणि त्याचे पाय चेपू लागली. तो ओशाळून पाय मागे घेऊ लागला तरी तिने सोडले नाहीत.

येत्या पौषात जे चढणार असतील त्यांनी पहाटे निघावे. अरुंद पायऱ्यांवर म्हाताऱ्यांना कातळाची बाजू द्यावी. किती मिनिटांत चढलो याचा हिशेब कोणी मांडू नये. ती रीत अलीकडे फार बोकाळली आहे. रिकाम्या बाटल्या वर टाकू नयेत, ते पाणी गंगेचेच आहे. आणि प्रत्येक दिंडीतल्या एका धडधाकट माणसाने त्या दिवशी मुद्दाम खालीच राहावे, आजीपाशी, गाठोडी राखायला.

रामकृष्णहरि.