एक कोटी साठ लाखांत एक

व्यवस्थापनाच्या परिषदेत गुणवत्तेवर भाषण असलं की मुंबईच्या डबेवाल्यांची स्लाइड ठरलेली. पांढरी टोपी, डोक्यावर डब्यांची लांब पाटी आणि खाली ठळक अक्षरांत आकडा: एक कोटी साठ लाख फेऱ्यांमागे एक चूक. शेजारी ‘सिक्स सिग्मा’ ही पदवी. टाळ्या पडतात, वक्ता पुढच्या स्लाइडकडे वळतो. हा आकडा कोणी काढला आणि कशावरून, हे विचारायची रीत नाही.

त्याची कथा छोटी आहे. १९९८ मध्ये ‘फोर्ब्स’साठी सुब्रत चक्रवर्ती यांनी डबेवाल्यांवर लेख लिहिला. चुका किती होतात, असं त्यांनी संघटनेच्या प्रमुखांना विचारलं. जवळजवळ होतच नाहीत, दोन महिन्यांतून एखादी, असं उत्तर मिळालं. त्या काळी रोज सुमारे पावणेदोन लाख डबे जात-येत. चक्रवर्तींनी गुणाकार केला. दोन महिन्यांत साधारण ऐंशी लाख डबे पोचतात. ते संध्याकाळपर्यंत घरीही परततात, म्हणून हवं तर दुप्पट धरा. लेखात ‘सिक्स सिग्मा’ हा शब्द नव्हताच. तो नंतर एका परिषदेतल्या प्रश्नोत्तरांतून आला, बातम्यांतून फिरला आणि ‘फोर्ब्सने प्रमाणपत्र दिलं’ इथवर पोचला. आपण असं काही दिलेलं नाही, असा खुलासा खुद्द चक्रवर्तींनी केला. तो स्लाइडपर्यंत कधी पोचला नाही.

या प्रकारात डबेवाल्यांचा दोष शोधणं अन्यायाचं होईल. त्यांना प्रश्न विचारला गेला, त्यांनी अंदाजाने उत्तर दिलं. मोजमापाची शिस्त पाळायची जबाबदारी टाळ्या वाजवणाऱ्यांची होती, कारण ती त्यांची रोजीरोटी. ‘सिक्स सिग्मा’ १९८६ च्या सुमारास मोटोरोला कंपनीत बिल स्मिथ या अभियंत्याने मांडली. तिचा गाभा असा: चूक म्हणजे काय ते आधी ठरवा, ती नोंदवा, कारण शोधा आणि मग ती कमी करा. दहा लाख संधींमागे ३.४ दोष हे तिचं प्रसिद्ध परिमाण पुढचं. डबा उशिरा पोचला तर ती चूक का? शेजारच्या टेबलावर गेला आणि पाच मिनिटांत परत आला तर? हरवला, चोरीला गेला, सांडला तर? यांतलं काहीही ठरवलेलं नव्हतं आणि कुठे लिहूनही ठेवलेलं नव्हतं. नोंदवहीच नसताना दशांशचिन्हापुढचे आकडे काढण्यात आले, आणि ते काढणाऱ्यांच्या भिंतीवर मोजमापाची सुभाषितं टांगलेली होती.

गंमत अशी की आकडा बाजूला ठेवला तर डबेवाल्यांचं काम अधिकच थक्क करतं. विश्वासार्हतेच्या अभियांत्रिकीतलं पहिलं गणित लावून पाहावं. अंधेरीच्या घरातून निघालेला डबा नरिमन पॉइंटच्या कार्यालयात पोचेपर्यंत अनेकांच्या हातून जातो. पाच हात धरू. प्रत्येक जण हजारांत ९९९ वेळा अचूक, म्हणजे बहुतेक कार्यालयांना हेवा वाटावा इतका नेटका. साखळीत मात्र विश्वासार्हता गुणाकाराने घटते. पाच वेळा ९९.९ टक्के म्हणजे साडेनव्व्याण्णव टक्के. पावणेदोन लाखांपैकी रोज पावणेनऊशे लोक उपाशी. प्रत्येकाला दसपटीने अचूक केलं, दहा हजारांत एकच चूक असं मानलं, तरी रोज पंच्याऐंशी-नव्वद डबे चुकणारच. इतके डबे रोज चुकत असते, तर सव्वाशे वर्षांहून जुना हा धंदा केव्हाच बसला असता. तेव्हा माणसं चुकत नाहीत, हे या यशाचं स्पष्टीकरण होऊ शकत नाही. झालेली चूक गिऱ्हाइकापर्यंत पोचण्याआधी पकडली जाते, हे होऊ शकतं. चूक होणं आणि सेवा कोलमडणं या दोहोंमध्ये अंतर राखणं, हीच या शास्त्राची मूळ खटपट आहे.

ते अंतर कसं राखलं जातं, ते डब्याच्या झाकणापासून दिसतं. झाकणावर मोठा आकडा असतो तो पोचवायच्या विभागाचा. कडेला इमारतीची खूण, मजला आणि शेवटच्या डबेवाल्याचा क्रमांक. डबा कोणत्या स्टेशनातून निघाला हे रंग आणि चिन्ह सांगतं. पूर्ण पत्ता कुठेच नाही. ज्या घरून डबा घ्यायचा तिथला जिना घेणाऱ्याला पाठ असतो, म्हणून तो लिहायचा नाही. प्रत्येक टप्प्यावरच्या माणसाला स्वतःपुरती खूण वाचायची असते, बाकीची नजरेआड करायची असते. गर्दीच्या फलाटावर, घाईत, एका नजरेत वाचता येईल एवढंच लिहिण्याची ही काटकसर आहे. शिवाय तोच डबा, तेच घर, तीच वेळ महिनोन्‌महिने असल्याने भलत्या ढिगात पडलेला डबा नेहमीच्या डोळ्यांना खुपतो.

दुसरी गोष्ट नकारांची. हार्वर्ड बिझनेस स्कूलचे स्टीफन थॉमके यांनी २०१० मध्ये डबेवाल्यांवर अभ्यासप्रकरण लिहिलं आणि २०१२ मध्ये त्यावर लेख. मोठ्या स्टेशनांवर पाट्या लोकलमध्ये चढवायला चाळीस सेकंद मिळतात, मधल्या थांब्यांवर वीस, असं त्यांनी नोंदवलं आहे. एवढ्या वेळात वाकड्या आकाराचा डबा परवडत नाही. म्हणून डब्याचा आकार ठरलेला. डबा वेळेवर भरून न ठेवणाऱ्या घराची वाट पाहिली तर साऱ्या गटाची लोकल चुकेल. म्हणून वारंवार उशीर करणारं गिऱ्हाईक सोडून दिलं जातं. ‘ग्राहक हा राजा’ म्हणणाऱ्या जमान्यात ही भाषा उद्धट वाटेल, पण एका राजाच्या लाडापायी बाकीची प्रजा उपाशी ठेवायची नाही, हा त्यामागचा हिशेब आहे. गावच्या जत्रेला वर्षातून काही दिवस सेवा सरळ बंद असते, तीही आधी सांगून. मावळ, खेड, आंबेगाव, जुन्नर या पट्ट्यातली ही माणसं. जत्रेच्या दिवसांत अर्धी माणसं लावून कशीबशी सेवा चालवण्यापेक्षा ती थांबवणं त्यांना रास्त वाटतं.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि ती स्लाइडवर कधीच नसते. वीस-पंचवीस जणांच्या प्रत्येक गटात दोन-तीन माणसं जादा असतात. कोणी आजारी पडला, कुणाची सायकल बसली, कुठे डब्यांचा ढीग वाढला, की ती धावतात. त्यासाठी त्यांना गटातल्या सगळ्या वाटा ठाऊक असाव्या लागतात. एरवी या माणसांना नेमून दिलेली वाट नसते. गटाची कमाई गटातच वाटली जाते, त्यामुळे या जादा माणसांचा भार प्रत्येक जण स्वतःच्या खिशातून उचलतो. तो उचलायची तयारी आहे, म्हणून डबा पोचतो.

आता त्याच परिषदेच्या सभागृहात बसलेल्यांनी आपल्या कार्यालयात परतल्यावर काय केलं असतं, याचा विचार करावा. गटात दहा टक्के माणसं ‘रिकामी’ दिसली तर पहिली कुऱ्हाड त्यांच्यावरच पडली असती. रुग्णालयांत रात्रपाळीच्या परिचारिका, कारखान्यात देखभाल विभागातले फिटर, एसटीच्या आगारातली राखीव गाडी, बँकेच्या शाखेतला चौथा कारकून: काटकसरीची लाट आली की हेच आधी जातात, कारण सगळं सुरळीत चाललेलं असताना त्यांचं काम दिसत नाही. कौतुक डबेवाल्यांच्या आकड्याचं होतं, आणि तो आकडा ज्या रचनेवर उभा आहे ती रचना मात्र आपल्याकडे उधळपट्टी म्हणून कापली जाते.

आकड्याच्या कौतुकाचा आणखी एक तोटा रितेश बत्रा यांच्या ‘द लंचबॉक्स’ (२०१३) या चित्रपटात नेमका पकडला आहे. इलाचा डबा नवऱ्याऐवजी भलत्याच माणसाकडे जातो, आणि एकदा नव्हे, रोज जातो. ही बाब बारकाईने पाहण्यासारखी आहे. हात घसरून झालेली चूक दुसऱ्या दिवशी आपोआप सुधारते. खूणच चुकीची पडली असेल, तर पद्धत जितकी काटेकोर तितकी ती चूक इमानाने रोज घडते. इला तक्रार करते तेव्हा डबेवाला ती उडवून लावतो. परदेशातून हार्वर्डचे लोक येऊन पाहून गेले आहेत, मग चूक होईलच कशी? प्रमाणपत्राने तक्रारीचं दार बंद केलं. चित्रपट काल्पनिक आहे, पण ‘आमच्याकडे चुका होत नाहीत’ असं म्हणणारी कचेरी प्रत्येकाने पाहिलेली आहे.

चूक सांगायला वाट नसण्याची किंमत विमान वाहतुकीने माणसांच्या जिवांत मोजली. १ डिसेंबर १९७४ रोजी वॉशिंग्टनजवळच्या डलस विमानतळाकडे उतरणारं टीडब्ल्यूए ५१४ हे विमान व्हर्जिनियातल्या डोंगरावर आदळलं आणि ९२ जण दगावले. नियंत्रकाच्या परवानगीचा अर्थ वैमानिकांनी एक लावला, नियंत्रकांनी दुसरा. चौकशीत उघड झालं, की सहा आठवड्यांपूर्वी युनायटेड एअरलाइन्सचं विमान त्याच जागी, त्याच गैरसमजातून थोडक्यात बचावलं होतं. युनायटेडने आपल्या वैमानिकांना सावध केलं. टीडब्ल्यूएच्या वैमानिकांपर्यंत ती गोष्ट पोचायला वाटच नव्हती. त्यातून १९७६ मध्ये अमेरिकेत गोपनीय नोंद यंत्रणा सुरू झाली. थोडक्यात टळलेला प्रसंग वैमानिकांनी कळवायचा, आणि ती नोंद विमान वाहतुकीच्या नियामकाकडे न जाता ‘नासा’कडे जायची, म्हणजे शिक्षेची धास्ती नको. गुणवत्ता-व्यवस्थापनाचे जाणकार एडवर्ड्‌स डेमिंग यांच्या प्रसिद्ध १४ सूत्रांत ‘भीती हाकलून द्या’ हे एक सूत्र आहे आणि कामगारांपुढे शून्य दोषाच्या घोषणा टांगू नका हे दुसरं. एकत्र वाचली की ती एकाच गोष्टीबद्दल बोलतात: शून्याची शेखी मिरवणाऱ्या ठिकाणी चूक सांगायला माणूस घाबरतो.

इथे एक आक्षेप रास्त आहे. त्या आकड्याने डबेवाल्यांना जगात मान मिळवून दिला. २००३ मध्ये ब्रिटनचे युवराज चार्ल्स त्यांना भेटायला चर्चगेटला आले, व्यवस्थापनाच्या वर्गांत त्यांना व्याख्यानांना बोलावलं गेलं. कमी शिकलेल्या, घाम गाळणाऱ्या माणसांना ही प्रतिष्ठा सहसा मिळत नाही. ती गुणाकारातून मिळाली म्हणून कोणी हिरावून का घ्यावी? शिवाय नोंदवह्या भरायला लावल्या तर त्यांच्या कामाची चपळाईच जाईल. दोन्ही मुद्दे मान्य करता येतात. डबेवाल्यांनी तक्ते भरावेत अशी अपेक्षाही नाही. त्यांचं गिऱ्हाईक त्यांना रोज भेटतं, दुपारी उपाशी राहिलं तर संध्याकाळी घरची माणसं दारात जाब विचारतात. त्यांची नोंदवही जिवंत आहे. अडचण त्यांची आहे, ज्यांचं गिऱ्हाईक कॉल सेंटरच्या पलीकडे असतं आणि जे तरीही हा आकडा स्वतःच्या भिंतीवर लावतात.

शिवाय एक गोष्ट कोणत्याही सिग्मात बसत नाही. जादा माणसं सुट्या, एकमेकींशी संबंध नसलेल्या अडचणींवर इलाज आहेत. एकच कारण सगळ्यांना एकदम गाठतं तेव्हा त्यांचा उपयोग होत नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस पडला आणि लोकल थांबल्या. गटात दोन जादा असोत की वीस, गाडी सगळ्यांची तीच. फुकुशिमात २०११ मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. एक जनरेटर बंद पडला तर दुसरा, या हिशेबाने डिझेल जनरेटर बसवलेले होते. त्यांतले बरेचसे सखल जागी होते आणि त्सुनामीच्या एकाच लाटेने जवळजवळ सगळे निकामी केले. कागदावर राखीव यंत्रं पुष्कळ होती, पाणी मात्र एकच होतं.

डबेवाल्यांवर अशी लाट मार्च २०२० मध्ये आली. लोकल बंद, कार्यालयं बंद, गिऱ्हाईक घरी बसून घरचंच गरम जेवत होतं. सेवा उघडली तेव्हा घरून काम करायची सवय रुजलेली होती. एके काळी पाच हजारांच्या घरात असलेले डबेवाले निम्म्याहूनही कमी झाले. कोणी गावी शेतीकडे परतले, कोणी रिक्षा चालवू लागले, कोणी सुरक्षारक्षक झाले. त्यांच्या अचूकतेत कुठेही उणीव आलेली नव्हती. आज त्यांच्याविषयी अभ्यास करायचा तर चुकांचं प्रमाण विचारण्यात फारसा अर्थ नाही. गिऱ्हाइकं विरळ झालेल्या गटाला दोन जादा माणसांचा भार अजून पेलतो का, हे विचारायला हवं. तो पेलेनासा झाला तर गट ती माणसं कमी करील, काही महिने कुणाच्या लक्षातही येणार नाही, आणि एके दिवशी एक माणूस तापाने झोपला की एका अख्ख्या इमारतीचं जेवण स्टेशनातच राहील.